टेकडीवरचं पांढरं शिखर

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांना घडी न घातलेलं कापड बघवत नसे. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले आणि खुर्चीच्या पाठीवर टॉवेल पडलेला दिसला, की बोलता बोलता तो उचलायचे, चारी टोकं जुळवायचे, अंगठ्याने एक रेघ ओढायचे आणि होता तिथे ठेवायचे. त्या घरातली बाई ओशाळायची, अक्का डोळे वटारायची. ते म्हणायचे, हाताची सवय आहे, मनात काही नाही.

भाऊजींना जाऊन आता दीड वर्ष झालं. आपल्याबद्दल कुणी लिहावं असं आपण काही केलेलं नाही, हे पहिल्यांदा तेच म्हणाले असते. पण परक्या देशातल्या एका बंदरात मी त्यांच्याबरोबर एक दिवस काढला आहे, आणि तो सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. अक्काला विचारलं. ती म्हणाली, लिही, पण पदरचं घालू नकोस.

अठ्ठावीस वर्षं ते प्रवासी बोटीवर नोकरीला होते. बोटीवर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पांढरी टोपी आणि सोनेरी बटणं यायची. भाऊजी लाँड्रीत होते. बोटीच्या पोटात, जिथे खिडकी नसते आणि सकाळ झाली की नाही हे घड्याळाला विचारावं लागतं, तिथे. हजारो चादरी, अभ्रे, टॉवेल रोज वरून खाली यायचे आणि धुऊन, इस्त्री होऊन वर जायचे. त्यांची जागा तापलेल्या रोलरांसमोर. ओली चादर दोघांनी दोन टोकं धरून, ताणून रोलरांच्या तोंडात सोडायची. एकाने हात सोडला की चादर तिरकी जाते, अडकते आणि जळते. भाऊजींच्या हातची चादर कधी तिरकी गेली नाही, म्हणून बरोबरचे लोक त्यांना चादरमास्तर म्हणत.

सुट्टीवर आले की दोन गोष्टी ते हसत सांगायचे. एक म्हणजे, कितीही मोठा माणूस असला तरी झोपेत लाळ गाळतोच. आणि दुसरी, विसरलेल्या वस्तूंची पेटी. चादरींबरोबर काय काय खाली येई! कर्णफूल, चष्म्याची काच, तान्ह्या मुलाचा मोजा, एकदा तर अख्खी कवळी. वर खोल्या आवरणाऱ्यांना असं काही सापडलं आणि माणूस उतरून गेलेला असला, की ते ती वस्तू अभ्र्यात घालत आणि अभ्र्याच्या तोंडाला गाठ मारत. दोन वेढ्यांची, ओढली की घट्ट होणारी. गाठीचा अभ्रा दिसला की तो पाण्यात टाकायचा नाही, आतली वस्तू काढून पत्र्याच्या पेटीत ठेवायची. "फेकत कुणी नाही," ते म्हणायचे. "प्रत्येक बोटीवर असते ती पेटी. लाँड्रीवाल्यांचं देवघरच समजा."

त्यांच्या नोकरीच्या सुरुवातीला घरी फोन नव्हता, पत्रं यायची. अक्का तेव्हा नवीनच संसाराला लागलेली. घरात सासू, कडेवर मुलगा, आणि नवरा वर्षातले नऊ महिने पाण्यावर. वारा सुटला की ती रात्रभर जागी राहायची. पहिल्याच वर्षी भाऊजींनी तिला एका बंदराबद्दल लिहिलं. इथे एक पाववाला आहे, मला बघितलं की लांबूनच हात करतो. चौकात झाडाखाली बाक आहे, त्यावर बसून तुम्हां सगळ्यांची आठवण काढतो. मागे टेकडी आहे, तिच्यावर पांढरं शिखर आहे, ते देवस्थान. वेळ मिळाला की पायऱ्या चढून जातो.

ते पत्र वाचून अक्का त्या दिवशी पोटभर जेवली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सासूबाई ते शेजारणींना वाचून दाखवायच्या. मग उत्तरात पाववाल्याची चौकशी जायची. पुढच्या पत्रात पाववाल्याला मुलगी व्हायची, त्याच्या पुढच्या पत्रात ती चालायला लागायची. पाववाला आमच्या घरातलाच माणूस झाला होता. सासूबाईंनी तर एकदा त्याच्या मुलीसाठी झबलं शिवून दिलं होतं.

नवव्या वर्षी ठकूला ताप आला. ठकू म्हणजे त्यांची धाकटी, सात वर्षांची. अक्काने भाऊजींना पत्र टाकलं, की ताप उतरत नाही. पुढच्या आठवड्यात ताप डोक्यात गेला. दवाखान्यात अक्का आणि मी आळीपाळीने बसत होतो. सहाव्या दिवशी दुपारी ठकू गेली. भाऊजींना कळवलं कंपनीच्या ऑफिसातून, पण बोट मध्येच कुठे थांबणार? ते आले चार महिन्यांनी.

ठकू गेल्यानंतर अकराव्या दिवशी त्यांचं पत्र आलं. त्यावर ती गेली त्याच दिवसाची तारीख होती. त्यात लिहिलं होतं, तुझं पत्र मिळालं. आज बोट आपल्या त्याच बंदरात आहे. सकाळीच टेकडी चढून गेलो आणि ठकूसाठी हात जोडले. देव कुणाचाही असो, पायऱ्या चढून आलेल्याचं ऐकतो. ती बरी होईल.

मला वाटलं अक्का ते पत्र फाडून टाकेल. तिने ते दोनदा वाचलं आणि ठकूच्या लाल रिबिनीबरोबर डब्यात ठेवून दिलं. एवढंच म्हणाली, "एकाने तरी मागितलं." मला तेव्हा त्या बोलण्याचा अर्थ लागला नाही. दुःखात माणूस काहीही बोलतं, असं समजून मी सोडून दिलं.

या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. भाऊजी निवृत्त झाले, मुलगा कमावता झाला, सून आली. मुलाच्या मनात फार होतं की बाबांना एकदा प्रवासी म्हणून बोटीवर न्यावं. आयुष्यभर खाली होतात, आता वर झोपा, म्हणाला. भाऊजी नको नको म्हणत राहिले. बोटीला मी कंटाळलो, माझे गुडघे, घराला कुलूप, अशी एकेक कारणं काढायचे. पण मुलाने आणलेल्या कागदावर अक्काने चौथ्या दिवशी पत्रांतल्या त्या बंदराचं नाव वाचलं. माझी बहीण शेजारच्या गावी लग्नाला जायचं तरी तीनदा विचार करणारी. ती चष्मा काढून म्हणाली, "मी येते." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तूही चल."

बोटीवर तीन दिवस भाऊजींचं काही ठीक नव्हतं. जेवणाच्या हॉलमध्ये वाढपी आला की ते उठून उभे राहायचे. सकाळी खोली आवरणारी मुलगी येण्याआधीच यांनी पलंग करून ठेवलेला असायचा. सून हसून म्हणायची, बाबा, तिची नोकरी घालवाल. ते हसायचे नाहीत.

चौथ्या दिवशी सकाळी बोट धक्क्याला लागत होती. अक्का, भाचा आणि भाचेसून तयार व्हायला गेले होते. मी आणि भाऊजी डेकवर चहा घेत होतो. गाव समोर आलं. उतरत्या छपरांची घरं, त्यांच्या मागे टेकडी, आणि टेकडीच्या माथ्यावर खरोखरच पांढरं काहीतरी, वर निमुळतं होत गेलेलं. मी आपोआप हात जोडले. भाऊजींनी माझ्या जोडलेल्या हातांकडे बघितलं आणि कप खाली ठेवला.

"मी इथे कधी उतरलोच नाही," ते म्हणाले.

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. मग त्यांनी सगळं सांगितलं. बंदराच्या दिवशी प्रवासी फिरायला जातात, खोल्या रिकाम्या होतात, म्हणून त्या दिवशी सगळ्या बोटीची कापडं एकदम खाली येतात. इतरांना पाळीपाळीने उतरायला मिळे, लाँड्रीवाल्यांना क्वचित, आणि रोलरवर हात बसलेल्या माणसाला मुकादम सोडतच नसे. पाववाला होता, पण तो एका वाढप्याचा दोस्त. वाढपी येऊन सांगायचा, हे पत्रात लिहायचे. आणि टेकडी? माल चढवायचं एक लोखंडी दार होतं. बंदरात ते उघडं असायचं. त्यांच्या जागेवरून त्या दारातून वीतभर बाहेरचं दिसायचं. त्या वीतभरात टेकडीचा माथा होता आणि ते पांढरं शिखर.

"पहिलं पत्र ती घाबरू नये म्हणून लिहिलं," ते म्हणाले. "मग एकदा पाववाला लिहिला की पुढच्या पत्रात त्याची चौकशी यायची."

मी म्हटलं, अक्काला आत्ता सांगा, धक्क्यावर पाय ठेवायच्या आधी सांगा. तिने पर्समध्ये काय घेतलंय ते मला ठाऊक होतं. ते म्हणाले, सांगतो. पुन्हा म्हणाले, वर देवस्थान आहे ना, तेवढं तर खरं आहे. ती तिथे पोचली, तिने डोकं टेकलं, की माझं खोटं तिच्या पायांखाली गाडलं जाईल. मग कशाला सांगायचं? मी गप्प बसले. त्यात माझाही दोष आहे. मलाही वाटलं, देव वर बसला आहे, तो सांभाळून घेईल.

उतरल्यावर भाच्याने विचारलं, आधी बाजार की किल्ला की छोटी आगगाडी? अक्का म्हणाली, "मला दुसरं काही बघायचं नाही. ती टेकडी तेवढी दाखवा. मग तुम्ही कुठे जायचं ते जा." सुनेने मोबाइलवर नकाशा काढला. म्हणाली, आई, इथे टेकडीवर देवळासारखं काही दाखवत नाही. भाऊजी झटकन म्हणाले, जुनं आहे, नकाशात नसेल. सव्वीस वर्षांनी त्यांनी आणखी एक खोटं बोललेलं मी कानांनी ऐकलं.

साहजिकच वाट दाखवायचं काम त्यांच्याकडे आलं. ते पुढे, आम्ही मागे. चाव्यांच्या साखळ्या आणि टोप्या विकणारी दुकानं संपली आणि ते ऐटीत डावीकडे वळले. तिथे एका गोदामाचं बंद दार. मग उजवीकडे. तिथे वाळत घातलेली मासेमारीची जाळी आणि पुढे पाणी. भाचा खो खो हसला. म्हणाला, "बाबा, पत्रांत तर तुम्ही डोळे मिटून फिरायचात."

"रस्ते बदललेत रे," भाऊजी म्हणाले.

चौक मात्र सापडला. झाड होतं, बाकही होता. अक्का त्या बाकाजवळ थांबली आणि हाताने त्याची पाठ पुसल्यासारखं केलं. "इथे बसायचात?" त्यांनी मान हलवली. मग तिने पाववाल्याचं दुकान विचारलं. समोर मोबाइलचं दुकान होतं. भाऊजी म्हणाले, इथेच होतं, गेला असेल बिचारा. अक्का म्हणाली, त्याची मुलगी आता पस्तिशीची असेल, देव तिला सुखी ठेवो. आणि तिने त्या मोबाइलच्या दुकानाकडे बघून नमस्कार केला. आत उभ्या असलेल्या पोराला काही कळेना, त्यानेही मान लववली. सुनेला हसू आवरेना. मी भाऊजींकडे बघितलं. ते बुटाची नाडी बांधायला खाली वाकले होते. त्यांच्या बुटाला नाडी नव्हती.

टेकडीपर्यंत गाडी जात होती. भाच्याने एक थांबवलीही. अक्काचे दोन्ही गुडघे गेलेले, घरात जिना चढताना ती कठड्याला धरून पाय ओढते. पण ती गाडीत बसेना. म्हणाली, "यांनी पायी चढून मागितलं होतं. मी गाडीतून गेले तर त्याला काय सांगू?" मग भाचा आणि सून पाण्याच्या बाटल्या आणायला मागे थांबले, आणि आम्ही तिघं पायऱ्यांना लागलो.

त्या पायऱ्या घरांच्या मधून जात होत्या. दगडी, मधोमध झिजलेल्या. दोन्ही बाजूंना दारं, कुंड्या, एखादी मांजर, खिडकीतून येणारा रेडिओचा आवाज. वर दोऱ्यांवर कपडे वाळत होते. अक्का एक पाय वर ठेवायची, दुसरा त्याच पायरीवर आणायची, श्वास घ्यायची. दहा पायऱ्यांनंतर एकदा बसायची. भाऊजी तिच्या मागे दोन्ही हात किंचित पुढे करून चढत होते, पडली तर धरायला. 

पन्नासेक पायऱ्यांवर ते म्हणाले, "अगं, राहू दे. इथूनच हात जोड."

ती म्हणाली, "तुम्ही इथून जोडले होते का?"

 थोडं आणखी वर गेल्यावर ते पुन्हा म्हणाले, तुला त्रास होतोय, परत फिरू या. अक्का चिडली. सव्वीस वर्षं मी या पायऱ्या मनात चढतेय, आता पायाने चढू द्या, असं काहीसं म्हणाली. मी मागून त्यांच्या सदऱ्याला हात लावला, की सांगा, आता सांगा. त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. माणूस इतका घाबरलेला मी फक्त दवाखान्यात पाहिला आहे.  वर देव आहे, एवढी एकच आशा धरून ते चढत राहिले. खरं सांगायचं तर माझ्याही तोंडात जप चालू होता.

पायऱ्या संपल्या तिथून डांबरी रस्ता होता. वळण घेतलं आणि समोर तारेचं उंच कुंपण आलं. कुंपणाच्या आत ते पांढरं. खाली जाड खांब, वर सिमेंटची गोल भिंत, त्यावर निमुळतं झाकण, आणि बाजूने चढायची लोखंडी शिडी. पायाशी जाडजूड नळ. फाटकावर खुर्ची टाकून एक राखणदार बसला होता. भाऊजींनी त्याला खुणेने विचारलं, दोन्ही हात जोडून, मान वाकवून, मग वर बोट दाखवून. त्याला काय कळलं कोण जाणे. आम्ही तहानलेले आहोत असंच त्याला वाटलं असावं. तो हसला, ओंजळ तोंडाला लावून पाणी प्यायची खूण केली, त्या पांढऱ्याकडे आणि मग खालच्या सगळ्या गावाकडे हात फिरवला. आणि कुंपणाशी असलेला नळ सोडून दाखवला.

पाणी वाहत राहिलं. अक्का ते बघत होती.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"पाण्याची टाकी," भाऊजी म्हणाले.

"ते मला दिसतंय. तुम्ही हात कुठे जोडले होते?"

 राखणदाराने नळ बंद केला आणि तो आत गेला. तो भला माणूस होता.

"खाली," भाऊजी म्हणाले. "बोटीत. मी उतरलो नव्हतो. कधीच नाही."

"त्या दिवशीही नाही?"

"त्या दिवशीही नाही."

अक्का रस्त्याच्या कडेला दगडावर बसली. ती ओरडली असती, त्यांना चार शब्द सुनावले असते, तर मला बरं वाटलं असतं. ती हळू आवाजात, जणू मला सांगत असल्यासारखी म्हणाली, "त्या दिवशी मी हात जोडलेच नव्हते. तुला आठवतं? तू आलीस, मला म्हणालीस जरा पड, आणि मी बाकावर झोपले. पाच दिवस मागत होते. सहाव्या दिवशी मी झोपले, आणि ती गेली. हे पत्र आलं तेव्हा वाटलं, निदान बापाने मागितलं. कुणीच मागितलं नाही असं नाही झालं." ती थांबली. "झालं की मग. तसंच झालं होतं."

एकाने तरी मागितलं, या तिच्या शब्दांचा अर्थ मला तिथे, त्या टाकीसमोर कळला. सव्वीस वर्षं माझी बहीण त्या एका ओळीवर उभी होती.

भाऊजी तिच्यासमोर उभे होते. बसायचं धैर्य त्यांना होत नव्हतं. ते म्हणाले, "मागितलं होतं. तुझं पत्र सकाळी हातात पडलं. मी रोलरवर होतो. दारातून हे दिसत होतं. मला खरंच वाटायचं हे देवाचं आहे. प्रत्येक चादरीला मागितलं. हात चादरीत होते, म्हणून जोडता आले नाहीत. सोडले असते तर अडकली असती." मग त्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. म्हणाले, "सोडायला हवे होते."

 पर्स अक्काने पोटाशी धरली होती, ती उघडली नाही. थोड्या वेळाने भाचा आणि सून धापा टाकत वर आले. टाकी बघून भाचा काही विनोद करणार होता, पण आईचं तोंड बघून थबकला. मी त्याला बाजूला घेऊन दोन वाक्यांत सांगितलं. ठकू गेली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. तो कुंपणाला धरून पाठमोरा उभा राहिला.

उतरताना अक्काने भाच्याचा हात धरला. भाऊजी सगळ्यांत मागे, एकटे उतरत होते. एका घराच्या दोरीवरची चादर वाऱ्याने गोळा होऊन एका टोकाला लोंबत होती. भाऊजी तिच्याजवळ थांबले. मी बघितलं, त्यांचा हात वर गेला आणि तसाच खाली आला.

बाजार, किल्ला, काही बघितलं नाही. साडेतीनलाच धक्क्यावर आलो.  बोटीचा जिना समोर आला, भाचा म्हणाला, चला आई. तेव्हा अक्का थांबली आणि भाऊजींकडे न बघता म्हणाली, "ते दार कुठे आहे?"

भाऊजींनी दाखवलं. ही बोट वेगळी, पण दार तिथेच असतं म्हणाले. बोटीच्या अंगाला खाली, जवळजवळ धक्क्याला टेकलेलं एक चौकोनी भगदाड. आत पिवळा दिवा. माणसं खोकी आत घेत होती. आतून गरम हवेचा झोत येत होता, त्याला साबणाचा आणि भाजलेल्या कापडाचा वास होता. तो वास भाऊजी सुट्टीवर आले की पहिले आठ दिवस त्यांच्या अंगाला यायचा. अक्का दारापासून चार हातांवर उभी राहिली. तिने आतल्या अंधाराकडे बघितलं, मग मागे वळून टेकडीकडे बघितलं. दोन-तीनदा असं बघितलं. उतरतं ऊन टाकीवर पडलं होतं. इथून खांब दिसत नव्हते, शिडी दिसत नव्हती.

"दिसतं खरं तसं," ती म्हणाली.

त्या दिवशी तिने भाऊजींशी बोललेलं ते शेवटचं. जेवायला ती आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रवास संपत होता. खोल्या नऊच्या आत सोडायच्या होत्या. मी बॅग घेऊन त्यांच्या खोलीत गेले, तर अक्का पलंगावर बसून उशीचा अभ्रा काढत होती. भाऊजी दाराशी बॅगांना कुलूप लावत होते. तिने पर्समधून लाल रिबीन काढली. ठकूच्या वेणीला असायची तीच, आता विटून विटकरी झालेली. ती तिने अभ्र्यात ठेवली आणि अभ्र्याच्या तोंडाला गाठ मारली. साधी, आपण पुडीला मारतो तशी.

मी म्हटलं, अक्का, हे काय करतेस?

ती म्हणाली, "वर काही नव्हतंच. जिथून मागितलं तिथे तरी जाऊ दे."

भाऊजी कुलूप तसंच सोडून आले. मला वाटलं ते काहीतरी बोलतील. त्यांनी तिच्या हातातला अभ्रा घेतला, तिने मारलेली गाठ नखांनी सोडवली. अक्का त्यांच्या हातांकडे बघत होती. "ही सुटेल," एवढंच ते म्हणाले, आणि दोन वेढे घेऊन त्यांची ती गाठ मारली, ओढली की घट्ट होणारी. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण हात जराही हलले नाहीत. अभ्रा त्यांनी चादरींच्या ढिगावर सगळ्यांत वर ठेवला. इतक्यात खोली आवरणारी मुलगी आली. तिने गाठ बघितली, भाऊजींकडे बघितलं, आणि तो अभ्रा वेगळा उचलून काखेत धरला.

घरी आल्यावर अक्का त्यांच्याशी तीन आठवडे बोलली नाही, हेही लिहायला हवं. चहा समोर ठेवायची आणि निघून जायची. पुढे बोलायला लागली, ती दुधाच्या पिशवीवरून. पत्राचा विषय पुन्हा त्यांच्यात निघाला की नाही मला माहीत नाही. पत्र तिने अजून फेकलेलं नाही.

भाऊजी गेले तेव्हा त्यांच्या अंगावर घालायची चादर मी आणि अक्काने मिळून पसरली. मी माझं टोक धरलं, तिने तिचं. ती म्हणाली, "ताणून धर. तिरकी जायला नको."